आम्ही म्हणजे कोण?

"आम्ही म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

प्रश्न साधा होता, आवाजही साधा होता. पण वकिलाच्या तोंडातलं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, आणि एवढं भल्याभल्या न्यायाधीशांनाही कधी जमलं नव्हतं. तो असं म्हणाला तरी काय होता? आमची मागची केमो नीट पार पडली, आम्हाला तसा त्रास काही नाही, जेवण जातं, झोप लागते, आम्ही एकदम व्यवस्थित आहोत. बस्स. यात बोट ठेवण्यासारखं काय होतं? बायकोच्या पोटातली गाठ काढली तेव्हापासून हेच वाक्य तो सगळीकडे म्हणत आला होता. रक्त काढणाऱ्या मुलीला, मोठ्या डॉक्टरांना, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांना, फोनवर लेकीला. म्हणून म्हणून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की तोंड उघडलं की आपोआप बाहेर पडायचं. आणि बायको शेजारीच बसली होती, मांडीवर पर्स धरून, डोक्याला रुमाल बांधून. तिनं मानही हलवली होती. म्हणजे दुजोराही झाला. "आम्ही म्हणजे ही," तो म्हणाला. "म्हणजे दोघं. म्हणजे, पेशंट हीच, पण आम्ही आपलं..." "केमो तुम्हालाही लावतात का?" बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. आणि बायको खुदकन हसली. गेल्या कितीतरी दिवसांत तिचं हसणं त्यानं ऐकलं नव्हतं, आणि आता ती हसली ती त्याच्यावर, तेही एका परक्या बाईच्या बाजूनं. वकिलाला मनापासून राग आला.

या बाई पूर्वी याच इस्पितळात नर्स होत्या. मग पुढे शिकल्या, आणि आता संशोधनाच्या विभागात होत्या. त्यांची खोली बारकीच होती, तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे. दोन खुर्च्या, एक पाण्याचा जग, एक कॉम्प्युटर, आणि खिडकीच्या काचेला अर्ध्यापर्यंत चिकटवलेला पांढरा कागद. त्यांनी पद्धत समजावून सांगितली. तेच प्रश्न दोघांना विचारायचे, पण वेगवेगळं बसवून. आधी घरच्या माणसानं सांगायचं, पेशंटला काय होत असेल ते. मग पेशंटनं स्वतः सांगायचं, स्वतःला काय होतंय ते. दोघांच्या सांगण्यात अंतर किती पडतं ते बघायचं, आणि फार पडलं तर पेशंटला विचारून त्याच दिवशी वर डॉक्टरांना कळवायचं. "आम्ही असं कळवायला लागल्यापासून लोकांची धावपळ कमी झालीय, वकीलसाहेब," बाई म्हणाल्या. "अचानक ताप चढला, अचानक अंगातलं पाणी कमी झालं, असं म्हणत येतात ना, त्यातलं पुष्कळसं अचानक नसतं. पेशंटला आधी माहीत असतं. विचारलेलं नसतं कुणी." "आम्ही तर रोज विचारतो," वकील म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि बायकोला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता? आधी यांचं उरकून घेऊ."

वकिलाला वाटलं, ही परीक्षाच झाली. आणि परीक्षेत तो कधी मागे राहिलेला नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या पोटात काय दुखतं हे त्याला ठाऊक नसेल तर मग कुणाला असणार? तो सरसावून बसला आणि धडाधड उत्तरं देत सुटला. मळमळ? पहिले दोन दिवस, मग नाही. झोप? लागते. भीती वाटते का? छे, खंबीर आहे ती. हातापायांना मुंग्या, बधिरपणा? "नाही. असतं तर सांगितलं असतं की तिनं." प्रत्येक उत्तरानंतर बाई लगेच पुढं जात नसत. थांबत. हात मांडीवर ठेवून, त्याच्याकडे न बघता, पाण्याच्या जगाकडे बघत थांबत. कोर्टात असं कुणी थांबलं की वकिलाला कळायचं की समोरचा गडबडलाय. इथं मात्र त्यालाच गडबडल्यासारखं झालं. ती शांतता त्याला सोसवेना, म्हणून तो आणखी बोलायचा. आम्ही सकाळी फिरायला जातो, आम्ही फळं खातो, आम्ही नाही हरणार. बाई ऐकून घेत आणि मधूनच हळूच म्हणत, "त्या. त्या काय म्हणतात?" मनातल्या मनात वकिलानं बाईंचं नाव उलटतपासणी ठेवून टाकलं. बाहेर पडताना त्यानं विचारलंच, "किती बरोबर आली?" आणि बाई पहिल्यांदा मोकळं हसल्या. "मला तरी अजून कुठे माहीत आहे?"

मग बायको आत गेली, दार लागलं, आणि तो बाहेरच्या बाकावर बसला. सुरुवातीला त्यानं मोबाईल काढला, कोर्टातल्या ज्युनिअरचे दोन निरोप वाचले, एकाला उत्तर लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. दाराच्या वरच्या काचेतून नुसता उजेड दिसत होता. आतून बाईंचा आवाज आला, थोडका, आणि मग काहीच नाही. आता बाई थांबल्या असतील, त्याच्या मनात आलं. आता ही काय म्हणेल? बरं आहे, म्हणेल, आणि येईल बाहेर. ती बोलणाऱ्यांतली नव्हतीच. लग्न झाल्यापासून बोलायचं खातं त्याच्याकडे. डॉक्टरशी, शाळेतल्या बाईंशी, घरमालकाशी, बँकेत, पोलिसात, सगळीकडे तो बोलायचा आणि ती शेजारी उभी राहायची. लोक म्हणायचे, काय बाई सुखी आहे, आयता वकील मिळाला. अशिलाच्या वतीनं बोलायची त्याला सवयच. आमचं म्हणणं असं आहे, आम्हाला हे मान्य नाही, आमची जमीन, आमची सही. दिवसभर कुणाकुणाचे भाऊबंदकीचे तंटे आम्ही म्हणून अंगावर घ्यायचे आणि संध्याकाळी कोटाबरोबर खुंटीला टांगायचे. घरी आल्यावर ते आम्ही काही खुंटीवर जायचं नाही, एवढंच.

आतून तिचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण आवाज तिचाच. आणि तो थांबेना. वकील आधी कौतुकानं ऐकत होता, मग जरा अस्वस्थ झाला, मग चक्क मत्सर वाटायला लागला त्याला. एवढं काय बोलतेय ही? घरी जेवायला बसल्यावर हिच्याकडून चार वाक्यं निघताना मारामार! आवाज मध्येच बारीक झाला, मध्येच बंद पडला, आणि बराच वेळ काहीच नाही. रडतेय की काय? तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा केव्हाचा बसलेला होता, गळ्याला मफलर, आवाज घोगरा. पूर्वी ट्रक चालवायचा, हे त्यानं न विचारताच सांगितलं. घशाचं झालं होतं, आता बरा होता, आणि काही काम नसलं तरी आठवड्यातून एक दिवस इथं येऊन बसायचा. "नव्या माणसांची फाटलेली असते हो," ड्रायव्हर म्हणाला. "कुणीतरी बसलेलं दिसावं शेजारी, जिवंत. म्हणून मी. मला त्या बाईंनीच सांगितलं, या म्हणून." वकिलानं विचारलं, तुमच्याही वेळी असं वेगवेगळं बसवलं होतं का? ड्रायव्हर हसला आणि हसता हसता खोकला. "माझा मुलगा छातीठोकपणे सांगून आला, बाबा ताटातलं सगळं संपवतात. संपवत होतोच की! दाराशी कुत्रा बसायचा, त्याच्या पुढ्यात. तोंडात हे फोड. कुत्रा गुबगुबीत झाला आणि मी वाळलो. मुलगा रिकामं ताट बघायचा आणि खूश व्हायचा, मग त्याला काय सांगू? बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून औषध बदललं, नळीवाटे पोटात खाणं सुरू झालं. नाहीतर गाठीआधी उपासानंच गेलो असतो." वकील हसला. मग त्याला हसू आवरावंसं वाटलं, कारण रिकामं ताट बघून खूश होणारा तो मुलगा त्याला नीट दिसायला लागला होता.

बायको घरी कवळ्या करायची. आता हे काम कुणाला सांगितलं तर लोक आधी हसतात, पण शहरातल्या निम्म्या दातांच्या डॉक्टरांकडून साचे तिच्याकडे यायचे. मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, गुलाबी मेणाचे पत्रे, स्पिरिटचा दिवा आणि चमच्यासारखी बारकी सुरी. दिव्यावर सुरी तापवायची, मेणाला लावायची, दात तिरका बसवायचा, पुन्हा सरळ करायचा, आणि मग डोळे मिटून बोटाचं टोक हिरडीवरून फिरवायचं. डोळे का मिटतेस, असं त्यानं एकदा विचारलं होतं. "डोळ्यांना केसाएवढा उंचवटा दिसत नाही. बोटाला लागतो." त्याच्या वडिलांची कवळीही तिनंच केली होती. वडील भिडस्त. सुनेनं केलेली, तिला काय नावं ठेवायची! कशी बसते म्हटलं की म्हणायचे, झकास. आणि वकीलही सांगायचा, अगं एकदम झकास, बाबा खूश आहेत. ती दोन दिवस नुसती वडिलांचं जेवण बघत राहिली. मग एका दुपारी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, "कुठे टोचतंय?" वडील म्हणाले, कुठे नाही. ती उठली नाही. हात पदराला पुसत तशीच बसून राहिली. वकील दारातून बघत होता आणि त्याला वाटलं होतं, झालं, आता ही म्हाताऱ्याचा पिच्छा पुरवणार. किती वेळ गेला कोण जाणे. मग वडिलांनी कवळी काढली, तिच्या हातावर ठेवली आणि बोळक्या तोंडानं, लहान मुलासारखं, आतल्या एका जागेवर बोट ठेवलं. तिथं जखम झालेली होती. तिनं सुरी तापवली.

म्हणजे ही विद्या त्याच्या घरात होती. विचारायचं आणि उठायचं नाही. ती इतक्या लोकांच्या तोंडातलं टोचणं शोधून काढायची, आणि तिला कुठे टोचतंय हे कुणी स्टूल घेऊन विचारलं होतं? तो रोज विचारायचा, खोटं कशाला बोला. पण कसं? कोट चढवता चढवता, "काय, ठीक ना?" हा काय प्रश्न झाला? हा तर साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचा प्रकार. समोरच्या वकिलानं असा प्रश्न विचारला असता तर हा ताडकन उभा राहिला असता हरकत घ्यायला. आणि आज तो त्या खोलीत बसून दुसऱ्याच्या अंगातल्या दुखण्याची साक्ष देऊन आला होता. ऐकीव साक्ष कोर्ट मानत नाही, हे त्यानं किती जणांना खडसावून सांगितलं असेल. इथं तर ऐकीवही नव्हती. ऐकलं कुठे होतं त्यानं?

गेल्या आठवड्यातली गोष्ट त्याला आठवली. तिच्या तर्जनीवर, अगदी टोकाशी, एक फोड आला होता, चांगला टपोरा. त्यानं विचारलं होतं, हे काय? ती म्हणाली, चहा गाळताना वाफ लागली. बरं, म्हणाला आणि मलम आणून दिलं, आणि आपण किती काळजी घेतो असंही त्याला वाटून गेलं. वाफेनं बोटाच्या टोकाला एवढासा गोल फोड येतो होय? आणि आला तर माणूस हात मागे घेत नाही? चटका बसला की हात आपोआप मागे येतो, ते काय शिकवावं लागतं? ती मागच्या खोलीत गेली होती. तो कोर्टात असताना तिनं दिवा लावला, सुरी तापवली, मेणाला लावून बघितली, मग सवयीनं बोट फिरवायला गेली, ते तापल्या सुरीला टेकलं, आणि तिला कळलंच नाही. कातडी करपल्याचा वास आला तेव्हा कळलं असेल. आणि मग तिनं दिवा विझवला असेल, टेबल पुसलं असेल, आणि संध्याकाळी त्याला चहाची गोष्ट सांगितली असेल. खोलीचं दार गेले काही दिवस बंदच असायचं. तो सगळ्यांना सांगायचा, आम्ही सध्या काम बंद ठेवलंय, विश्रांती घेतोय. केसाएवढा उंचवटा ज्या बोटाला लागायचा त्या बोटाला आता आग लागत नव्हती, आणि तो पाऊण तासापूर्वी ताठ मानेनं सांगून आला होता, नाही, असतं तर सांगितलं असतं की.

तो उठला आणि त्यानं दार वाजवलं. ड्रायव्हर "अहो, अहो" म्हणेपर्यंत बाईंनी दार किलकिलं केलं आणि स्वतः बाहेर येऊन मागे ओढून घेतलं, अशा बेतानं की आतलं काही दिसू नये. "मला माझं उत्तर बदलायचंय," वकील म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "ते मुंग्यांचं. बधिरपणाचं. मी नाही म्हटलं. ते चुकलं. तिच्या हातांना..." "बदलता येत नाही," बाई म्हणाल्या. "अहो पण ते चूक आहे! खोटी साक्ष आहे ती!" "खोटी नाही. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं." बाईंनी त्याच्या दंडाला धरून त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी टेकल्या. "वकीलसाहेब, तुमचं चुकलेलं उत्तरच मला हवंय. तुम्ही नुसत्या गप्पा मारून गेला असतात तर मला काय कळणार होतं? घरची माणसं कुठे चुकतात, कशात चुकतात, हेच तर आम्ही शोधतोय. ओकाऱ्या सगळे बरोबर सांगतात, त्या दिसतात ना. जे दिसत नाही तिथं सगळ्यांची गाडी अडते. जितकं प्रेम जास्त तितकं जास्त चुकतात, असं आपलं मला वाटायला लागलंय, पण ते अजून सिद्ध व्हायचंय." "म्हणजे आम्ही सगळे ढ," तो म्हणाला. "मी नर्स होते तेव्हा घाईत असले की नातेवाइकांनाच विचारायची. ते पटकन सांगतात हो. पेशंटला वेळ लागतो. आणि वेळ कुणाकडे असतो?" बाई उठल्या. "माझं आत संपलेलं नाही. तुम्ही बसा." आणि त्या गेल्या. वकील त्या बंद दाराकडे बघत राहिला. एवढी वर्षं तो माणसांना प्रश्न विचारत आला होता आणि या बाईंसारखा एकही प्रश्न त्याला विचारता आला नव्हता, कारण त्याला उत्तर आधीच ठाऊक असायचं. इथं ही एक बाई, एक्स-रेच्या पलीकडच्या बारक्या खोलीत, दिवसच्या दिवस, उत्तर ठाऊक नाही असं धरून बसत होती. किती अवघड काम हे! त्याला त्या बाईंविषयी फार आदर वाटला.

आणि त्याचबरोबर भीतीही आली, जिला तो इतके महिने आम्ही म्हणून म्हणून दाराबाहेर उभी करत आला होता. बायको आजारी आहे, असं म्हटलं की ती एकटी पडायची. आणि त्याहून वाईट म्हणजे तो एकटा उरायचा. आम्ही आजारी आहोत म्हटलं की कसं, दोघं बरोबर. गाठ निम्मी निम्मी. त्याला रडू येत होतं आणि तो रडला, बाकावर, दिवसाढवळ्या, कोट घालून. ड्रायव्हर नुसता जरा जवळ सरकून बसला.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा दिसत होता. बाई म्हणाल्या, "वर कळवलंय. डॉक्टर आत्ताच बघतायत." जिन्यानं जाताना त्याच्या लक्षात आलं की ती कठडा नुसता धरत नाही, प्रत्येक पायरीवर आधी हाताकडे बघते, मग पायाकडे बघते, आणि मग पाऊल टाकते. हे केव्हापासून? त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, काही नाही हो.

मोठे डॉक्टर भले गृहस्थ होते, पण घाईतले. त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली आणि सवयीनं वकिलाकडेच बघितलं. "काय वकीलसाहेब, काय म्हणतोय हाताचा प्रॉब्लेम?" वाक्य आलंच होतं ओठांवर. चांगलं मुद्देसूद वाक्य, फोडासकट. आपण सांगितलं तर लवकर होईल, नीट होईल, काही राहून जाणार नाही. त्यानं दात आवळले. डॉक्टर वाट बघत होते. ती पर्सच्या बंदाशी चाळा करत होती आणि त्याच्याकडे बघत होती, नेहमीसारखी, की आता हे बोलतील. तो बोलला नाही. खोलीत पंख्याचा आवाज होता. डॉक्टरांनी पेन उचललं, खाली ठेवलं. आणि मग ती म्हणाली, "मला बोटांची टोकं कळत नाहीत. दुसऱ्या केमोनंतर सुरू झालं. आता पायांचंही तसंच आहे. जमीन आहे की नाही ते बघावं लागतं." डॉक्टर पुढे झुकले. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं, एका बोटाला कापूस लावला, दुसऱ्याला टाचणी, आणि विचारत गेले, आता? आता? ती प्रत्येक वेळी वेळ घेऊन उत्तर देत होती. पुष्कळ वेळा ती नाही म्हणाली. वकील बघत होता आणि त्याला वाटलं, एवढी हिंमत मी कोर्टात एका दिवसासाठीही दाखवलेली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले की एक औषध आज बंद, त्याच्या जागी दुसरं चालेल, आजाराच्या दृष्टीनं तोटा होऊ देणार नाही. बोटं सुधारतील, पण सावकाश, आणि किती सुधारतील ते आत्ता सांगता येत नाही. "पण हे आधी का नाही सांगितलंत? आधीच थांबवलं असतं." ते रागावले नव्हते, हळहळले होते. मग तिनं वकिलाकडे बोट केलं, फोडाचा डाग असलेलं. "हे सगळ्यांना सांगत होते ना, आम्हाला काही त्रास नाही. इतक्या कौतुकानं सांगायचे. यांना खोटं कसं पाडू मी चारचौघांत?"

डॉक्टर खाली बघून लिहायला लागले. वकिलाला वाटलं होतं, ती घाबरली म्हणून लपवत होती. उपचार थांबतील म्हणून, किंवा कवळ्यांचं काम जाईल म्हणून. यातलं काही नव्हतं. तिनं बोटं घालवली ती त्याचा शब्द राखायला. माफ कर, असं म्हणायचं असतं, पण ते म्हटलं की पुन्हा तिलाच त्याची समजूत घालावी लागली असती, आणि ती घालत बसली असती. तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि गप्प बसला. इतकं अवघड गप्प बसणं त्याच्या आयुष्यात कधी आलं नव्हतं.

मग वरच्या मजल्यावर, जिथं ओळीनं खुर्च्या टाकून औषधं देतात तिथं, तिला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. नवं औषध खालून यायला वेळ लागला. तोवर त्यानं एकदाच विचारलं, "बाईंशी एवढं काय बोलत होतीस गं?" ती म्हणाली, "ते नाही सांगणार. ते माझं आहे." त्याला टोचलं, चांगलंच टोचलं. पण राग काही आला नाही. या एवढ्या मोठ्या शहरात एक खोली अशी आहे की जिथं त्याच्या बायकोला त्याच्याशिवाय बोलता येतं, आणि कुणीतरी अभ्यास करून, खपून ती खोली केलीय, हे त्याला एकदम फार मोठं वाटलं. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

नर्स आली, तरुण, चटपटीत, हातात ट्रे. तिनंही वकिलाकडेच बघितलं. "काका, सुई कुठल्या हाताला लावू? मागच्या वेळी कुठला होता?" त्याला आठवत होतं. मागच्या वेळी डावा होता. "तिला विचारा," तो म्हणाला.

बायकोनं दोन्ही हात समोर मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. नर्सनं घड्याळाकडे बघितलं. वकील हलला नाही. तिनं आधी उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर एकेक करून टेकवली, मग डाव्या हाताची, आणि मग पुन्हा एकदा डाव्या हाताची, डोळे मिटून.

"उजव्याला लावा," ती म्हणाली. "डाव्याला अजून थोडं कळतं. तो मला ठेवायचाय."